आमची वाटचाल : वाडीच्या ट्रक टायरपासून फास्ट गाड्यांपर्यंत

नागपुरात टायरचा धंदा म्हटला की आधी वाडीच डोळ्यासमोर येते. अमरावती रोडवर ट्रान्सपोर्टची गोडाऊनं, रात्रंदिवस ट्रक, आणि बाबांनी तिथेच एका शेडमध्ये पंक्चर आणि ट्रक टायरचं काम सुरू केलं. नवीन टायर तेव्हा कमीच विकला जायचा, रिट्रेडचाच, म्हणजे घासलेल्या टायरवर नवी नक्षी चढवायचा, धंदा मोठा. बाबांचं खरं शिक्षण तिथलं. टायरच्या नक्षीवरून आडवा हात फिरवायचा, एकदा आतून बाहेर, एकदा बाहेरून आत. एका बाजूने गुळगुळीत आणि उलट्या बाजूने करवतीसारखं टोचलं की समजायचं, टो, म्हणजे चाकांचा आत-बाहेर तिरपेपणा, बिघडलाय. आता आमच्याकडे चाकांचे कोन मोजणारं कॅमेऱ्याचं अलाइनमेंट मशीन आहे तरी बाबा दुकानात आले की आधी हात फिरवतात आणि मग स्क्रीन पाहतात, आणि नव्वद टक्के वेळा स्क्रीन त्यांचंच म्हणणं सांगते.

मी धंद्यात आलो तेव्हा ट्रकचं काम उधारीत अडकलं होतं. ट्रान्सपोर्टवाल्यांचे पैसे महिनोन् महिने यायचे नाही. कारवाला माणूस निदान टायर लावून पैसे देऊन जातो, म्हणून वर्धा रोडच्या बाजूला भाड्याने जागा घेतली, बँकेचं लोन काढून टायर चेंजर आणि बॅलन्सर घेतला, आणि अल्टो-स्विफ्टचे टायर बदलत बसलो. इथपर्यंत कोणत्याही टायरवाल्याची गोष्ट अशीच असते, जास्त सांगण्यासारखं काही नाही.

फरक पडला तो पोलो जीटीसारख्या फास्ट गाड्यावाल्या पोरांमुळे. एक आला, मग त्याचा मित्र, मग अबार्थ पुंटोवाला, मग मिनी कूपर एसवाला, मग ऑक्टाव्हिया व्हीआरएस. ही मंडळी वेगळीच. टायरची किंमत विचारायच्या आधी कंपाउंड, म्हणजे रबर किती मऊ-कडक, ते विचारतात. आणि सगळ्यांचं दुखणं एकच, गाडी हौसेने घेतली, सेकंड हँड का होईना, आणि आता टायर घासले तर चारचा सेट ऐकून घाम फुटतो. शोरूमवाले एकच महागडा टायर सांगतात, बाजारातले काही लोक म्हणतात साइज बसली ना भाऊ, मग काय बघायचं, हा लावून टाका अर्ध्या किमतीत. या दोघांच्या मधली जी जागा आहे ना, आपलं दुकान त्या जागेवर उभं राहिलं.

18 इंची रिमच्या व्हीआरएसचंच घ्या. साइज 225/40 आर 18, म्हणजे टायर 225 मिलिमीटर रुंद, साइडवॉल (टायरची बाजूची भिंत) त्या रुंदीच्या 40 टक्के, आणि रिम 18 इंचाची. पण याच साइजमध्ये एक टायर 88 लोड इंडेक्सचा (वजन पेलायचा आकडा) मिळतो आणि एक 92 एक्सएल, म्हणजे जास्त वजन पेलणारा. 88 म्हणजे एका टायरवर 560 किलो, 92 म्हणजे 630. त्यापुढचं अक्षर वेगाचं, डब्ल्यू म्हणजे ताशी 270 किलोमीटर, वाय म्हणजे 300, व्ही म्हणजे 240, एच म्हणजे 210. गिऱ्हाईक हमखास म्हणतं, अरे दादा समृद्धीवर 120 ची लिमिट आहे, मी कुठे 270 ने उडवून राहिलो? बरोबर आहे, पण ते अक्षर फक्त वेगाचं नाही, टायर किती गरमी झेलू शकतो याचं आहे. मे महिन्यात आपल्याकडे पारा 45 च्या वर, सिमेंटचा रोड तापलेला, त्यात शंभर-सव्वाशे किलोमीटर न थांबता एकसारखा 120 चा स्पीड, आणि हवा पाच-सहा पीएसआय कमी, मग साइडवॉल आतल्या आत वाकून वाकून तापते आणि फाटते. म्हणून आपला नियम पहिल्या दिवसापासून एकच, गाडीच्या कंपनीने दिलेल्या लोड आणि स्पीड रेटिंगच्या खाली टायर विकायचा नाही. गिऱ्हाईक गेलं तर गेलं. सुरुवातीला बरेच गेले, खोटं कशाला बोलू.

मग पैसे वाचवायचे कुठे? तर टायर किती वापरला जातो ते विचारून. हे लोक गाडी किती चालवतात? घरी दुसरी गाडी असते, ही रविवारी सकाळी निघते, तर्री पोहा खायला, नाहीतर फुटाळा, नाहीतर लांब म्हटलं तर पेंच. वर्षाला पाच हजार किलोमीटर झाले तर खूप. आता टायर सहाव्या वर्षापासून वयाने म्हातारा होतो, नक्षी शिल्लक असली तरी रबर कडक पडतं, बारीक भेगा येतात. सहा वर्षं गुणिले पाच हजार, झाले तीस हजार. मग 50-60 हजार चालणारा कडक टायर घेऊन उपयोग काय? तो अर्धा शिल्लक असतानाच फेकायचा आणि सहा वर्षं ओल्या रोडवर घसरत राहायचं. अशा माणसाला मी सांगतो मऊ कंपाउंडचा मधल्या किमतीतला टायर घे. साइडवॉलवर ट्रेडवेअर, म्हणजे टायर किती टिकेल याचा आकडा, लिहिलेला असतो, तो तीनशेच्या आसपास पहा, आणि ट्रॅक्शन, म्हणजे ओल्या रोडवरची पकड, ए किंवा एए. हा ट्रेडवेअरचा आकडा कंपनी स्वतःच ठरवते म्हणून दोन वेगळ्या कंपन्यांचे आकडे समोरासमोर ठेवून भांडू नका, एकाच कंपनीच्या दोन मॉडेलमध्ये मात्र कामाचा आहे. उलट जो रोज बुटीबोरी जाऊन येतो, वर्षाला वीस-पंचवीस हजार, त्याचं गणित पूर्ण वेगळं, त्याने प्रति किलोमीटर खर्च काढावा. समजा 36 हजाराचा सेट 25 हजार किलोमीटर चालला तर किलोमीटरला 1 रुपया 44 पैसे, 56 हजाराचा 40 हजार चालला तर 1 रुपया 40. स्वस्त कोणता झाला मग?

दुसरी बचत रिममध्ये आहे आणि ही कोणी सांगत नाही कारण सगळ्यांना मोठ्या रिम विकायच्या असतात. 18 इंचाऐवजी 17 ची रिम आणि 225/45 आर 17 लावला तर टायरचा एकूण व्यास 637 मिलिमीटरचा 634 होतो, म्हणजे स्पीडोमीटरला फरक नावालाच. पण साइडवॉल 90 ची 101 मिलिमीटर होते, खड्ड्यात फुगा यायची भीती कमी, आणि 17 च्या टायरमध्ये चॉइसही जास्त आणि किंमतही कमी. फक्त रिम ब्रेकच्या कॅलिपरला लागत नाही ना हे आधी लावून पाहायचं. दिसायला कमी भारी दिसते, ते खरं आहे, पोरं नाक मुरडतात.

2020 च्या जूनमध्ये सरकारने टायरची आयात रिस्ट्रिक्टेड केली, लायसन्सशिवाय बाहेरचा माल यायचा बंद. आधीच लॉकडाऊन, त्यात हे. ज्या साइज बाहेरून यायच्या त्या गायब, आणि ज्यांच्या गोडाऊनमध्ये जुना माल पडला होता त्यांची चांदी. तेव्हा एका सप्लायरने आम्हाला सेट पाठवला, बिल चकाचक, रॅपिंग चकाचक, आणि साइडवॉलवरच्या डॉट नंबरचे शेवटचे चार आकडे, ज्यात टायर बनल्याचा आठवडा आणि वर्ष असतं, ते पाहिले तर 1417. म्हणजे 2017 चा चौदावा आठवडा, तीन वर्षांहून जुना, आणि भाव नव्याचा. परत केला. वर त्याने मलाच ऐकवलं की काऊन एवढं पाहून राहिले भाऊ, गिऱ्हाईकाला कळते काय? तेव्हापासून आपल्याकडे टायर चढवायच्या आधी ते चार आकडे गिऱ्हाईकाला दाखवतो आणि बिलावर लिहून देतो. आयएसआयचा मार्कही दाखवतो, बाहेरून आलेल्या टायरवरही तो लागतोच.

त्या बंदीचा एक फायदा मात्र झाला, इथल्या कंपन्यांना मोठ्या साइजमध्ये उतरावं लागलं. अपोलोने 2009 मध्ये घेतलेला डच ब्रँड व्रेडेस्टाइन 2021 मध्ये भारतात आणला, सीएटनेही परफॉर्मन्स टायर काढले. मिशेलिन पायलट स्पोर्ट 4 किंवा कॉन्टिनेंटल यूसी6 मागणारे आजही मागतात, द्यावेत, चांगलेच टायर आहेत. पण बजेट नसेल तर आता कानकोंडं व्हायचं कारण नाही.

समृद्धी सुरू झाल्यावर, म्हणजे 11 डिसेंबर 2022 ला नागपूर ते शिर्डी खुला झाल्यानंतर, आमच्याकडची गर्दी बदलली. टायर फुटल्याच्या बातम्या आल्या, आरटीओवाले एंट्रीलाच टायर पाहून घासलेल्या गाड्या परत पाठवायला लागले, आणि लोक घाबरून यायला लागले. भीतीने आलेलं गिऱ्हाईक काहीही घेऊन जातं, विकायला सगळ्यात सोपं. कितीतरी गाड्यांना आपण फक्त हवा बरोबर करून, अलाइनमेंट करून परत पाठवलं कारण टीडब्ल्यूआयच्या, म्हणजे नक्षी संपल्याची खूण असलेल्या, उंचवट्याच्या वर चार-पाच मिलिमीटर नक्षी होती. 1.6 मिलिमीटर नक्षीला टायर कायद्याने संपतो, पण फास्ट गाडी असेल तर 3 मिलिमीटरला पावसाळ्याच्या आधीच बदला, पाणी बाहेर फेकायला नाल्या उरत नाहीत. आणि नायट्रोजन भरला म्हणून टायर फुटत नाही हे डोक्यातून काढा, साध्या हवेत 78 टक्के नायट्रोजनच असतो. आपणही भरून देतो, मागतात म्हणून.

सगळ्यात जास्त वाद होतो तो दोनच टायर बदलताना. पैसे दोनचेच आहेत, समोरचे घासले, गाडी फ्रंट व्हील ड्राइव्ह, म्हणून नवे समोर लावा. आम्ही नवे मागे लावतो आणि मागचे कमी घासलेले समोर आणतो. मिनीवाले एक काका तर नट खोलू देईनात, म्हणे चालवतो मी, वळवतो समोरची चाकं, ब्रेक समोर, आणि तू नवे मागे लावून राहिला? त्यांना तिथेच खुर्ची देऊन चहा पाजला आणि विचारलं, काका, ओल्या वळणावर समोरून घसरली तर काय करता? म्हणे पाय काढतो, येते जागेवर. आणि मागून सुटली तर? काका थांबले. मग म्हणाले, लाव मागे. चारी चाकांना ताकद जाणारी क्वाट्रोसारखी गाडी असेल तर मात्र दोनचा विषयच नाही, चारही टायरची नक्षी जवळपास सारखी लागते, नाहीतर टायरचे वाचवलेले पैसे ड्राइव्हट्रेनला जातील.

22 सप्टेंबर 2025 पासून टायरवरचा जीएसटी 28 चा 18 झाला. दहा हजाराच्या मूळ किमतीवर 12,800 चे 11,800, म्हणजे सेटमागे चार हजार. त्याच्या आधीचे पंधरा-वीस दिवस दुकानात कुत्रं फिरकलं नाही, सगळे थांबून बसले होते, आणि मग एकदम अशी झुंबड की भाच्याला कॉलेज बुडवून काउंटरवर बसवावं लागलं.

आता आमच्याकडे रनफ्लॅट (हवा गेली तरी थोडं चालणारे टायर) आणि 35-40 प्रोफाइलच्या, म्हणजे बुटक्या साइडवॉलच्या, टायरसाठी हेल्पर आर्मवालं, म्हणजे कडक टायर दाबून धरणाऱ्या जादा हाताचं, मशीन आहे, टॉर्क रेंचनेच, म्हणजे ठरलेल्या जोराच्या पान्यानेच, नट आवळतो, टीपीएमएस सेन्सर (चाकातला हवा मोजणारा) आधी तपासून मगच बीड तोडतो, म्हणजे टायरची कड रिमपासून सोडवतो. यायच्या आधी चारही टायरच्या साइडवॉलचा आणि ड्रायव्हरच्या दारातल्या प्रेशरच्या स्टिकरचा फोटो पाठवा, म्हणजे तीन बजेटमधले ऑप्शन तारखेसकट काढून ठेवतो. वेल्डिंग केलेल्या अलॉयवर आपण टायर चढवत नाही, त्यावरून दर आठवड्याला कोणीतरी चिडून जातं आणि समोरच्या दुकानात जाऊन चढवून घेतं.