गुजरीतल्या मामांचा प्रश्न

योकोसुकाला येऊन रुळले तरी मी इथे नेमकं काय करते, ते घरच्यांना पटवायचं राहूनच गेलं होतं. आई शेजारणींना "ती जपानात शिंपले मोजते" असं सांगते, आणि ते फारसं खोटंही नाही. पण मामा पडले कोल्हापूरच्या गुजरीतले, म्हणजे सराफ बाजारातले, जुने सोनार. परवा व्हिडिओ कॉलवर त्यांनी मुद्द्यालाच हात घातला, "एवढ्याशा टरफलावरनं ही जात नवीन हाय, हे तू कशावरनं ठरिवतीस गं?" तेवढ्यात मामींनी जेवायला हाक मारली आणि उत्तर अर्धवट राहिलं. म्हणून इथे लिहिते.

ते टरफल लिंपेटचं. लिंपेट म्हणजे समुद्री गोगलगायच, फक्त तिच्या कवचाला वेटोळं नसतं. बुटकं, शंकूसारखं कवच आणि त्याखाली पसरट पाय. मालवणच्या खडकांवर ओहोटीला दिसतात, त्यांच्यातलीच. पण काही लिंपेट फार खोल राहतात. टोकियोच्या आग्नेयेला सुमारे ५०० किलोमीटरवर 'शिंकाई ६५००' ही पाणबुडी ५,९२२ मीटर खाली गेली आणि तिथल्या ज्वालामुखीच्या खडकावर ४ सेंटिमीटरची लिंपेट सापडली. २०२५ मध्ये तिचं 'बॅथिलेपेटा वादात्सुमी' असं बारसं झालं. वादात्सुमी हा इथल्या पुराणातला समुद्रदेव. (शिंकाईत दोन मीटर व्यासाच्या टायटॅनियमच्या गोळ्यात तिघं बसतात. आपली 'मत्स्य ६०००' पण तिघांसाठीच आहे.)

माझ्या टेबलावरची त्यामानाने किरकोळ. समुद्रतळाशी जाऊन पडलेल्या लाकडावरची, तांदळाच्या दाण्याहून जेमतेम मोठी. हिच्या लांबच्या नातलगांपैकी काही देवमाशाच्या हाडांवर राहतात, तर काही चक्क मेलेल्या माकुलांच्या चोचींवर. एवढा मोठा समुद्र सोडून चोचीवर संसार!

कवचाची लांबी, रुंदी, उंची मोजायची. टोक मध्यावर आहे की मागे सरकलेलं, पुढचा उतार फुगीर की खोलगट, टोकापासून कडेकडे जाणाऱ्या रेघा किती ठळक, वाढीची वलयं त्यांना कुठे छेदतात, हे सगळं लिहायचं. आणि हे कवच ओलं असतानाच. वरची पातळ साल वाळली की तडकते आणि तिच्यावरची बारीक नक्षी जाते.

मामांचा संशय मात्र रास्त आहे. कवचाचा हा आकार गोगलगायींच्या अनेक घराण्यांनी आपापला, वेगवेगळ्या काळी घेतलाय. चिकटून बसायला सोयीचा, म्हणून. बाहेरून सख्ख्या बहिणी वाटाव्यात आणि आत काही नातं नसावं, असं सर्रास होतं. १९५२ मध्ये 'गॅलाथिया' या डॅनिश जहाजाने कोस्टा रिकाजवळ ३,५७० मीटर खोलीवरून असेच लिंपेटसारखे जीव वर काढले. आत स्नायूंच्या आठ आणि कल्ल्यांच्या पाच जोड्या निघाल्या. कोट्यवधी वर्षांपूर्वी संपला असं समजलेल्या गटातला तो प्राणी होता. १९५७ मध्ये त्याचं निओपिलिना म्हणून वर्णन छापलं गेलं.

तेव्हा आकाराला मी फारशी भीक घालत नाही. कवच उलटं करून आतला स्नायूंचा वण बघते. घोड्याच्या नालासारखा, तोंड डोक्याच्या बाजूला. मग जिभेवरची दातांची पट्टी. सौम्य ब्लीचमध्ये मांस विरघळतं आणि केसाहून बारीक पट्टी उरते. ती इलेक्ट्रॉन सूक्ष्मदर्शकाखाली ठेवण्याआधी तिच्यावर सोन्याचा थर चढवतात. हे ऐकून मामा खुर्चीत सरसावून बसले. "किती सोनं?" म्हटलं, काही नॅनोमीटर. "म्हंजे गुंजभर बी न्हाई," असं म्हणून त्यांनी लगेच रस सोडला.

पायाचा एक तुकडा डीएनएसाठी जातोच. मग कवचाचा एवढा काथ्याकूट कशाला, असं आमच्याकडची काही नवी मंडळी विचारतात. मला ते पटत नाही. जुन्या जातींचे मूळ नमुने म्हणजे कित्येकदा संग्रहालयातल्या डबीत एक वाळकं कवच, बस्स. त्याच्याशी तुलना करायची तर कवच वाचता यायलाच हवं, नाहीतर शंभर वर्षांपूर्वी कुणी नाव देऊन ठेवलेल्या जातीचं आपण दुसऱ्यांदा बारसं करायचो.

नावासाठी मामांची सूचना आलीच आहे, "करवीर घाल की त्यात!" नियम त्याला आडवा येत नाही, सर येतील. आणि वर्णन छापून येण्याआधी नुसतं नाव कुठे लिहिलं तर ते ग्राह्य धरत नाहीत, उगाच घोळ होतो. म्हणून ठरलेलं नाव इथे सांगत नाही.

सध्या घोडं अडलंय कवचाच्या टोकाशी. अळी असताना बनलेलं पहिलं कवच तिथे असतं, पाव मिलिमीटरच्या आतलं, आणि त्यावरची नक्षी मोठ्या कामाची. पण आमच्याकडच्या सगळ्या वाढलेल्या कवचांची टोकं झिजलीत. एवढ्या खोल, थंड पाण्यात चुना विरघळतोच. म्हणून लाकडाबरोबर वर आलेल्या गाळात पिल्लं मिळतात का, ते बघतेय. मामांना सांगितलं तर म्हणाले, "मग तू झारेकरीच झालीस की! आमच्या दुकानाम्होरची माती चाळून सोनं काढत्यात, तसं." माझी चाळण २५० मायक्रॉनची आहे आणि अजून निम्मी बादली बाकी आहे.