वास सुटतो, वास मारतो

पहिल्यांदा वास आला तो दिवाळीनंतरच्या आठवड्यात, पहाटे साडेपाचला. आम्ही दोघं फिरायला निघालो होतो. बागेपाशी आलो आणि यांनी एकदम मफलर नाकावर ओढला.

"गॅस बंद केलायस ना गं?"

म्हटलं, गॅस चौथ्या मजल्यावर, आपण इथे खाली. आणि हा गॅसचा वास नव्हे. "मग कसला?" या दोन शब्दांनी आमच्या वसाहतीचा पुढचा दीड महिना खाल्ला.

वसाहत म्हणजे कोल्हापूरच्या वेशीबाहेर, उसाच्या मळ्यांना लागून, साठीच्या पुढच्यांसाठी बांधलेल्या तीन इमारती. दीडशे-एकशेसाठ माणसं. मुलं पुण्यात, बंगळुरात, नाहीतर समुद्रापलीकडे. जिन्याला दोन्ही बाजूंनी कठडे, बाथरूममध्ये धरायला दांड्या, आणि मधोमध हिरवळ. या हिरवळीवरच भाळून निम्म्या लोकांनी इथे फ्लॅट घेतले. बाहेर एप्रिलमध्ये टँकरच्या रांगा लागतात तेव्हाही आमचं गवत हिरवंगार असतं. ते कशाच्या जिवावर, हे माहितीपत्रकात छोट्या अक्षरांत लिहिलेलं होतं. छोटी अक्षरं वाचायची आमची वयं राहिलेली नाहीत.

तर वास. पहाटे येई, सातपर्यंत राही, ऊन वर आलं की पसार. कुजक्या अंड्याचा म्हणावा तर तसा, पण त्याला मागून एक कुबट, ओलसर झाक. दुपारी बारा वाजता कोणाला दाखवायला न्यावं तर बाग अगदी सोवळी.

मग संशयित गोळा झाले. पहिला मान सातवीणीचा. कुंपणाला सहा सातवीण लावल्यात आणि ऑक्टोबर-नोव्हेंबरात त्यांचे हिरवट-पांढरे गुच्छ फुलले की रात्री अख्खी हवा जड होते. कुणाला तो सुवास, कुणाची त्याने अर्धशिशी उठते. ए विंगमधल्या आजींनी तर झाडं तोडायचा अर्जच लिहून आणला. पण सातवीण गोडसर, डोक्यात चढणारी. हा वास नाकात शिरून घशात उतरत होता. दुसरा संशयित साखर कारखाना. गळीत हंगाम सुरू झाला की मळीचा वास कोल्हापूरकराला नवा नाही. आमच्यातले एक काका सगळा जन्म कसबा बावड्यात काढून आलेले. ते पहाटे बागेत उभे राहिले, दोनदा खोल श्वास घेतला आणि निकाल दिला, "मळी न्हवं. मळी मी झोपेत वळखतो." तिसरा संशय शेजारच्या रानातल्या खतावर, चौथा मेलेल्या घुशीवर. घुशीसाठी वॉचमनने तीन ठिकाणी उकरून पाहिलं, आणि त्या खड्ड्यात पाय मुरगळून आमचे सचिव आठवडाभर घरी बसले.

मजा अशी की वसाहतीतल्या निम्म्या लोकांना मुळात वासच येत नव्हता. वयाबरोबर डोळे आणि कान जातात ते आपण चष्म्याने आणि मशीनने मिरवतो. नाक मात्र गुपचूप जातं. ऐंशीच्या पुढे तर बहुतेकांचं अधू झालेलं असतं आणि त्यांना ते ठाऊकही नसतं. भाजीत मीठ-तिखट कमी म्हणून सुनेवर चिडणाऱ्या कितीतरी सासऱ्यांचं नाकच गेलेलं असतं. सभेत या मंडळींनी हात वर करून सांगितलं की वास-बिस काही नाही, हे तुमच्या मनाचे खेळ. ठराव मताला टाकला असता तर वास बहुमताने नामंजूर झाला असता.

मला या काळात आपल्या भाषेची गंमत वाटायला लागली. मराठीत वास नुसता येत नाही. मोगऱ्याचा वास सुटतो, मोरीचा वास मारतो. सुटतो म्हणजे कुठून तरी मोकळा होऊन आपल्यापर्यंत आला, पाहुण्यासारखा. आणि मारतो म्हणजे सरळ हातच उगारला. शिवाय करपट, खवट, कुबट, ओशट, आंबूस, उग्र. घाण वासांना आपण जेवढ्या प्रेमाने नावं ठेवली तेवढी सुवासांना ठेवली नाहीत. आणि राहण्यालाही वासच म्हणायचं. सहवास म्हटलं की दोन्ही अर्थ एकाच शब्दात नांदतात, हे तर एकशेसाठ म्हाताऱ्यांच्या वसाहतीला कुणी समजावून सांगायला नको.

कोल्हापूर तसं वासांचंच गाव. माझं लहानपण शिवाजी पेठेतलं. उन्हाळ्यात रंकाळ्यावरून वारा फिरला की शेवाळाचा आणि कुजक्या जलपर्णीचा वास घरात येई आणि आई म्हणे, "आज रंकाळा जेवायला आलाय." चप्पल लाइनीतून जाताना कमावलेल्या चामड्याचा. मार्केट यार्डात गुळाचा, ज्याने पोट भरून मळमळतं. जयंती नाल्याच्या पुलावर श्वास रोखून पळायची आम्हा भावंडांची शर्यत असे. आणि २०१९च्या ऑगस्टात पंचगंगेचं पाणी भावाच्या घरात शिरलं होतं, ते ओसरल्यावर कपाटातल्या साड्यांना जो गाळाचा वास लागला तो दिवाळीपर्यंत गेला नाही. २०२१ला पुन्हा तेच. पण या सगळ्या वासांना पत्ता होता. कुठून येतो, कोणाचा, कधी जाईल, सगळं ठाऊक. म्हणून ते सहन झाले, काहींची तर आता आठवण येते. हा बागेतला वास निनावी पत्रासारखा होता.

उलगडा केला तो आमच्या विहीणबाईंनी, आणि तोही फ्लोरिडातून. त्या लेकाकडे न राहता तिथल्या म्हाताऱ्यांच्या कॉलनीत राहतात. व्हिडिओ कॉलवर मी सहज गाऱ्हाणं सांगितलं तर त्या हसायलाच लागल्या. म्हणाल्या, "अहो, आमच्याकडेही पहाटे हाच वास. सांडपाणी शुद्ध करून हिरवळीला फवारतात. त्याचे पाइप जांभळे असतात, आणि हे पाणी पिऊ नका म्हणून गवतात पाट्या रोवलेल्या." तिथे आणखी एक पंचाईत अशी की काही भागांत जमिनीखालच्या पाण्यालाच गंधकाचा वास असतो, त्यामुळे नक्की कोणतं पाणी वास मारतंय यावर तिथेही वाद. मला फार बरं वाटलं. अमेरिकेतही म्हातारी माणसं पहाटे उठून वासावरून भांडतात.

कॉल संपल्यावर मी खिडकीतून खाली पाहिलं. बागेच्या कडेने गेलेला पाइप जांभळाच होता. गेली चार वर्षं मी समजत होते की रंगाची आवड कुणा बाईची असेल.

दुसऱ्या दिवशी मी एकटीच मागच्या बाजूला गेले, जिथे सहसा कोणी जात नाही. कुंपणाआड पत्र्याची शेड, जमिनीत टाक्या, आणि स्टुलावर बसलेला एक पंचविशीतला मुलगा मोबाइल बघत होता. मला पाहून ताडकन उठला. आमच्यापैकी कोणी तिथे गेलंय असं त्याला आठवत नव्हतं. मी वासाचं विचारलं तर तोंड उघडायला तयार नाही. मग मी त्याच्याच स्टुलावर बसले, तेव्हा बोलायला लागला.

आमच्या एकशेसाठ घशांखालून, मोऱ्यांतून आणि संडासांतून जाणारं सगळं पाणी इथे येतं. शहरातल्या माणसाला दिवसाला १३५ लिटर पाणी लागतं असं सरकारी हिशेबात धरतात, त्यातलं ८० टक्के सांडपाणी होतं. बँकेत जन्म गेल्यामुळे मी तोंडी हिशेब केला: रोज सतरा हजार लिटरच्या वर. जाळीतून गाळून ते एका टाकीत जातं, तिथे ब्लोअर खालून हवा सोडतो, आणि त्या हवेवर जगणारे जिवाणू घाण खातात. मग गाळ खाली बसतो, वरचं पाणी वाळूतून, कोळशातून गाळतात, क्लोरीन देतात आणि ते साठवणीच्या टाकीतून बागेला.

"किडं हायत ती, काकू," तो म्हणाला. "त्यास्नी हवा लागती, खायला लागतंय. दोन्ही मिळालं की पानी कसं झ्याक. टाकी चॉकलेटी दिसती, वास म्हनशीला तर ओल्या मातीचा."

मी टाकीत डोकावले. चॉकलेटी नव्हती. काळी होती, आणि वर मधूनच एखादा बुडबुडा आळसावल्यासारखा फुटत होता.

"मग हे काय?"

तो इकडेतिकडे बघायला लागला. "ब्लोअर रातीचा बंद असतोय नव्हं. अकरा ते सहा."

हवा तुटली की पाण्यातला प्राणवायू थोड्याच वेळात संपतो. हवेवर जगणारे जिवाणू थंडावतात आणि बिनहवेचे जागे होतात. ते सल्फेटचा हायड्रोजन सल्फाइड करतात. कुजक्या अंड्याचा वास तो हाच. त्यात दिवाळीला निम्मी वसाहत मुलांकडे गेलेली, म्हणजे किड्यांना खायलाही कमी, आणि साठवणीच्या टाकीतलं पाणी आठ-दहा दिवस तसंच पडून. क्लोरीन उडून गेलेलं. मग पहाटे पाचला स्प्रिंकलर सुरू. गोटी सोडा फोडला की वायू जसा उसळून बाहेर येतो तसा पाण्याचे बारीक थेंब झाल्याबरोबर हा वायू मोकळा होतो. हवेपेक्षा जड, त्यात नोव्हेंबरची गार, निश्चल पहाट. वर जाणार कुठे? बागेतच बसून राहतो, फिरायला येणाऱ्यांची वाट बघत.

हे म्हणजे आमचे हे अगदीच चुकले नव्हते. सिलिंडरच्या गॅसला स्वतःचा वास नसतो, गळती कळावी म्हणून त्यात मर्कॅप्टन घालतात, आणि तेही गंधकाच्याच कुळातलं. नाकाला घराणं बरोबर कळलं होतं, माणूस चुकला होता. मी त्यांना हे सांगितलं नाही.

त्या पोराने आणखी एक सांगितलं ते मात्र डोक्यातून जात नाही. हा वास अब्जात काही भाग एवढासा असला तरी येतो, आणि खूप वाढला की येईनासाच होतो. नाकच बधिर होतं. गटारात किंवा सेप्टिक टँकमध्ये उतरलेली माणसं मरतात त्यात हाही एक दगा असतो. वास गेला म्हणजे हवा बरी झाली असं वाटतं. २०१३च्या कायद्याने माणसाला सुरक्षेच्या साधनांशिवाय असं उतरवायला बंदी आहे. "आमच्या गावचा एकजन गेला असाच," तो म्हणाला आणि पुन्हा मोबाइलकडे बघायला लागला. आम्ही वर बसून जो नकोसा म्हणत होतो, तो वास येत होता हेच त्यातल्या त्यात बरं होतं.

"पण ब्लोअर बंद ठेवायला सांगितलं कोणी?" मी जरा आवाज चढवून विचारलं. कंत्राटदाराचं नाव घेईल, बिल्डरचं घेईल, अशी माझी तयारी होती.

त्याने शेडमधून एक प्लास्टिकची फाइल आणली. आतला कागद माझ्यापुढे धरला. विजेच्या बिलात बचत करण्याबाबत, व्यवस्थापन समितीचा ठराव. रात्री ११ ते सकाळी ६ अनावश्यक यंत्रे बंद ठेवावीत. खाली सचिवांची सही, आणि तिच्याशेजारी खजिनदाराची.

खजिनदार मी.

मला तो दिवसही आठवला. ऑगस्टचं बिल बघून मीच म्हटलं होतं की रात्री सगळे झोपलेले असताना मशिनं कोणासाठी चालतात? आणि सगळ्यांनी माना डोलावल्या होत्या. घरी येऊन यांना सांगितलं. ते तीन मिनिटं काही बोलले नाहीत, मग म्हणाले, "आणि तोडायचा अर्ज होता तो सातवीणीचा."

सभेत मी स्वतःच उभी राहिले. बोलणी खायची ती खाल्ली. वास न येणाऱ्या गटाने अभिनंदनाचा ठराव मांडायचा प्रयत्न केला, तोही मी हाणून पाडला. ब्लोअर चोवीस तास, स्प्रिंकलर पहाटेऐवजी दुपारी चारला, साठवणीची टाकी रिकामी करून धुवायची, आणि जुनं पाणी बागेला द्यायचं नाही, असं ठरलं. मग त्या पोराला बोलावून विचारलं, किडे पुन्हा जगवायला काय लागेल?

"शेन आनि गूळ."

सभा एकदम जिवंत झाली. म्हणजे शेणाचा प्रश्न नव्हता, ते शेजारच्या गोठ्यातून येणार होतं. गुळावर मात्र कोल्हापूरकरांना मत नसेल असं होईल? एका आजींनी बजावलं, पिवळाधमक आणू नका, त्यात केमिकल असतं, काळपट बघून आणा. बावड्याच्या काकांनी सांगितलं की गुऱ्हाळात भेंडीच्या पाण्याने मळी काढलेला मिळतो, माझ्या ओळखीचा गुळव्या आहे. कोणी म्हणालं, ढेप फोडून घाला, कोणी म्हणालं, काकवी पातळ असते, लवकर मुरेल. पोरगं सगळ्यांकडे आळीपाळीने बघत होतं. शेवटी हात जोडून म्हणालं, "आजी, त्यास्नी काय बी चालतंय. स्वस्तातला आना."

पाच किलो काळा गूळ आला. आणायला चौघे गेले आणि गुऱ्हाळावर गरम गूळ खाऊन, रस पिऊन, दोन तासांनी परतले. त्यातल्या दोघांना मधुमेह आहे.

तीन आठवड्यांनी टाकी चॉकलेटी झाली. आजी आता संध्याकाळी गॅलरीतून ओरडून विचारतात, "जेवली का रे तुझी पोरं?" आणि तो खालून हात हलवतो.

महिनाअखेरीला मी हिशेब लिहायला बसले. गूळ, पाच किलो, पावतीसह. कोणत्या खात्यात टाकावा ते कळेना. दुरुस्ती म्हणावी तर काही दुरुस्त केलं नव्हतं. बागकाम म्हणावं तर बागेत गूळ गेला नव्हता. बराच वेळ पेन टेकवून बसले, आणि मग 'चहापान' या सदरात लिहून टाकला.