सेन्सॉरचा कागद नाही, फिल्म आधी कुठे दाखवायची?

तुम्ही विचारलंत म्हणून लिहितोय. प्रश्न दर वेळी थोड्या वेगळ्या शब्दांत येतो, पण गाभा एकच: डॉक्युमेंटरी तयार आहे, विषय काहींना झोंबणारा आहे, सेन्सॉर केलेलं नाही, मग आधी महोत्सवांना पाठवायची की आधी नागपुरात दाखवायची? विषय कोराडीच्या वीज केंद्राची राख असो, गडचिरोलीतली खाण असो की गावातल्या विहिरीवरून झालेलं प्रकरण, विचारणाऱ्याच्या डोक्यात बंदीची भीती असते. आमच्या मते लेखी बंदीने फार थोड्या फिल्म अडतात. बाकीच्या अडतात त्या क्रम चुकल्यामुळे, फाइल चुकल्यामुळे आणि हॉलच्या मॅनेजरला दुपारी तीन वाजता आलेल्या एका फोनमुळे.

क्रमापासून सुरुवात करू. सगळ्यात आधी फिल्म बघायची ती फिल्ममधल्या माणसांनी, आणि तीही एडिट लॉक (म्हणजे संपादन पक्कं) व्हायच्या आधी. घरात, अंगणात, लॅपटॉपवर चालेल. जाहिरात नाही, तिकीट नाही, त्यामुळे कुठलाही महोत्सव याला प्रीमियर धरत नाही. वर्षभरापूर्वी कॅमेऱ्यासमोर बिनधास्त बोललेल्या बाईच्या मुलीचं आता लग्न ठरलेलं असतं, आणि तिला चेहरा नको असतो. हे आत्ता कळलं तर दोन दिवसांचं काम आहे. डीसीपी, म्हणजे थिएटरच्या प्रोजेक्टरवर चालणारी फिल्मची डिजिटल फाइल, तीन देशांत पोचल्यावर कळलं तर इलाज नाही. संमतीपत्र मराठीतच करा, आणि तीच संमती कॅमेऱ्यावरही घ्या. लैंगिक अत्याचाराचं प्रकरण असेल तर भारतीय न्याय संहितेचं कलम ७२ आणि पीडित अल्पवयीन असेल तर पोक्सोचं कलम २३ डोळ्यांसमोर ठेवा. नुसता चेहरा धूसर करून भागत नाही. आईचा चेहरा, शाळेचा गणवेश, फाट्यावर उभ्या एसटीची पाटी, यातून गावातला कोणीही ओळख पटवतो.

आता कायदा. १९५२ चा सिनेमॅटोग्राफ कायदा सार्वजनिक प्रदर्शनासाठी प्रमाणपत्र मागतो, आणि माहितीपट त्यातून सुटलेला नाही. के. ए. अब्बास यांनी आपल्या माहितीपटावरून हाच मुद्दा सर्वोच्च न्यायालयात नेला होता. १९७० च्या निकालात न्यायालयाने पूर्वपरीक्षण, म्हणजे दाखवण्याआधीची सेन्सॉर तपासणी, घटनेत बसतं असं सांगितलं. प्रमाणपत्राविना सार्वजनिक प्रदर्शन केलं तर कलम ७ खाली तीन वर्षांपर्यंत कैद, दंड किंवा दोन्ही. पण ‘सार्वजनिक’ म्हणजे नेमकं किती माणसं, कुठे, हे कायद्यात कुठेच लिहिलेलं नाही. फिल्म सोसायट्या, कॉलेजं, संघटनांची कार्यालयं यांतली निमंत्रितांची स्क्रीनिंग याच फटीतून चालतात. ती फट आहे, हक्क नाही, हे विसरू नका.

महोत्सवांसाठी मात्र सरळ दार आहे. याच कायद्याच्या कलम ९ खाली माहिती आणि प्रसारण मंत्रालय प्रमाणपत्रातून सूट देतं. अर्ज महोत्सवाने करायचा असतो, तुम्ही नाही. महोत्सव अव्यावसायिक हवा, फिल्म निवडणारी जाणकारांची समिती हवी, आणि प्रेक्षक म्हणजे नोंदणी केलेले प्रतिनिधी आणि पत्रकार. त्यामुळे निवड झाल्याचा मेल आला की आनंद झाल्यावर पहिला प्रश्न हाच विचारा: सूट मागितली आहे का, आणि आमच्या फिल्मचं नाव त्या यादीत आहे का? ही औपचारिकता वाटते, पण नेहमी तशी नसते. जून २०१७ मध्ये तिरुवनंतपुरमच्या माहितीपट महोत्सवात तीन फिल्मना ही सूट नाकारली गेली होती. त्याआधी २००४ च्या मुंबईतल्या सरकारी माहितीपट महोत्सवाच्या वेळी भारतीय फिल्मना सेन्सॉर सर्टिफिकेट सक्तीचं करण्याचा घाट घातला गेला, तेव्हा देशभरचे माहितीपटकार एकत्र आले. सक्ती मागे घेतली गेली, पण बऱ्याच फिल्म निवडीत गळाल्या. मग मुंबईतच ‘विकल्प’ नावाचा समांतर महोत्सव भरला.

मग सेन्सॉर करायचंच नाही का? राष्ट्रीय चित्रपट पुरस्कार, थिएटर किंवा टीव्ही हवं असेल तर करावंच लागेल. नागपूरची फाइल मुंबईच्या प्रादेशिक कार्यालयाकडे जाते, अर्ज ई-सिनेप्रमाण पोर्टलवर. २०२३ च्या दुरुस्तीनंतर यूए गटाचे ७+, १३+ आणि १६+ असे तीन भाग झालेत, आणि प्रमाणपत्राची दहा वर्षांची मुदत गेली आहे. परीक्षण समितीचे कट मान्य नसतील तर पुनरीक्षण समिती. त्यापुढे पूर्वी अपील लवाद होता, तो २०२१ मध्ये बंद झाला; आता थेट उच्च न्यायालय. तिथे फिल्मकार जिंकलेही आहेत. आनंद पटवर्धनांच्या अण्वस्त्रांवरच्या फिल्मला २००३ मध्ये मुंबई उच्च न्यायालयाने एकही कट न लावता मोकळं केलं. पण वकील, तारखा आणि जाणारं वर्ष यांचा हिशेब आधी मांडा. आमचा सल्ला: पहिलं वर्ष महोत्सवांचं, सेन्सॉर त्यानंतर. कटांची यादी एकदा कागदावर आली की देशातले आयोजकही बिचकायला लागतात.

महोत्सवांच्या बाबतीत एक गोष्ट पक्की धरा: वर्ल्ड प्रीमियर एकदाच होतो. नागपुरात जाहिरात करून दाखवली किंवा दोन दिवसांसाठी यूट्यूबवर खुली टाकली, की तो खर्च झाला. एप्रिलमध्ये स्वित्झर्लंडचं न्यों, एप्रिलअखेरीस टोरांटोचं हॉट डॉक्स, जूनमध्ये शेफील्ड, ऑक्टोबरात लाइपझिश, नोव्हेंबरात ॲमस्टरडॅमचं इडफा, आणि विषम वर्षी ऑक्टोबरात जपानचं यामागाता. प्रवेशिका चार ते सहा महिने आधी बंद होतात. एकेका प्रवेशिकेचे दोन-चार हजार रुपये सहज जातात, म्हणून फी माफीचा मेल आधी टाका. चार ओळींचा, नम्र, रडगाणं नसलेला. यादी बारा-पंधरा नावांच्या वर नेऊ नका. दर महिन्याला ‘पुरस्कार’ वाटून ट्रॉफीचे पैसे वेगळे घेणारे ऑनलाइन महोत्सव ढिगाने आहेत. पोस्टरवर अशा पुरस्कारांच्या वीस पानांच्या डहाळ्या (लॉरेल) दिसल्या की जाणकार निवडसमितीचा विश्वास वाढत नाही, कमीच होतो. आपल्या बाजूला काठमांडूचं फिल्म साउथ एशिया, तिरुवनंतपुरम, धरमशाला, आणि लोकवर्गणीवर चालणारा कोलकात्याचा पीपल्स फिल्म फेस्टिव्हल. अवघड विषयाच्या फिल्मला खरा प्रेक्षक बहुतेक इथेच भेटतो. बाहेर दोन ठिकाणी होऊन आलेल्या फिल्मला इथले आयोजक कमी घाबरतात हे खरं. ‘परदेशात जाऊन बदनामी करता’ हा आरोपही त्यासोबत फुकट मिळतो.

स्क्रीनरची, म्हणजे निवडसमितीला बघायला पाठवायच्या प्रतीची, लिंक पासवर्डची, डाउनलोड बंद, आणि पाहणाऱ्याचं नाव पडद्यावर फिकट उमटलेलं असावं. ट्रेलर कापताना हात आखडता घ्या. फिल्ममधलं सगळ्यात जहाल वाक्य ट्रेलरमध्ये टाकायचा मोह होतो, आणि तक्रार करायला येणाऱ्यांनी पाहिलेला असतो तो तेवढा ट्रेलरच.

आता फाइल. आपल्याकडे शूट बहुधा सेकंदाला पंचवीस फ्रेमवर होतं आणि महोत्सव डीसीपी चोवीसवर मागतो. नुसता वेग बदलला तर नव्वद मिनिटांची फिल्म ९३ मिनिटं ४५ सेकंदांची होते, आवाज जड होतो, आणि छापील वेळापत्रकातली चर्चेची चार मिनिटं तुम्हीच खाल्लेली असतात. फॉर्म भरताना लांबी डीसीपीवरून लिहा. डीसीपी-ओ-मॅटिक हे मोफत सॉफ्टवेअर यासाठी पुरेसं आहे. डीसीपीचा २के फ्लॅट हा आकार म्हणजे १९९८ बाय १०८० पिक्सेल. तुमची १९२० ची फ्रेम त्यात दोन्ही बाजूंना ३९ पिक्सेलच्या काळ्या पट्ट्या घेऊन बसते, ते तसंच राहू द्या, ताणू नका. एन्क्रिप्शन, म्हणजे चावीशिवाय न उघडणारं फाइलचं कुलूप, टाळा. चावी वेळेत न पोचल्याने रद्द झालेले शो चोरीला गेलेल्या फिल्मपेक्षा जास्त असतील.

सबटायटल एका ओळीत ४२ अक्षरांच्या आत, एका वेळी दोनच ओळी, पडद्यावर किमान एक सेकंद. वऱ्हाडी किंवा झाडीबोलीचं इंग्रजी करताना शिव्या गाळू नका. माणूस अचानक प्राध्यापकासारखा बोलायला लागतो. आणि मराठी सबटायटल देणार असाल तर ती चित्रातच छापून घ्या. वेगळ्या फाइलमधून दिली तर थिएटरांच्या बऱ्याच सर्व्हरवर जोडाक्षरं फुटतात, वेलांटी भलत्याच अक्षरावर बसते, आणि ‘दीक्षाभूमी’चा ‘क्षा’ सुटा क, हलन्त, मग षा असा पडद्यावर येतो. घरच्या मॉनिटरवर हे दिसत नाही. एखाद्या मल्टिप्लेक्सच्या मॅनेजरला गाठून सकाळच्या पहिल्या शोआधी अर्धा तास मागा, आणि पहिली दहा मिनिटं, मधली पाच आणि शेवटचा क्रेडिट रोल तेवढा चालवून बघा.

नागपुरातल्या स्क्रीनिंगला डीसीपी चालत नाही, तिथे वेगळंच मोडतं. सगळ्यात हमखास बिघाड हा: फिल्मचं ५.१ मिक्स (सहा चॅनलचा आवाज) तसंच लॅपटॉपवरून लावतात. हॉलचा मिक्सर फक्त डावा आणि उजवा चॅनल घेतो. बोलणं असतं मधल्या चॅनलमध्ये. मग लोकांना पाखरं ऐकू येतात, रेल्वे ऐकू येते, पण माणूस नुसते ओठ हलवताना दिसतो. स्टिरिओ मिक्स वेगळं करून न्या. दुसरं, पेन ड्राइव्हच्या भरवशावर राहू नका. सेकंदाला पंधरा मेगाबिटच्या हिशेबाने नव्वद मिनिटांची फाइल दहा जीबीच्या आसपास जाते. फॅट३२ पद्धतीने फॉरमॅट केलेल्या पेन ड्राइव्हमध्ये चार जीबीच्या वर एक फाइल बसत नाही, आणि एक्सफॅट ही दुसरी पद्धत पुष्कळ प्रोजेक्टर वाचत नाहीत. लॅपटॉप प्रोजेक्टरशेजारीच ठेवा, पंधरा-वीस मीटर लांब साध्या एचडीएमआय केबलवर चित्र लपलप करतं. आवाज एचडीएमआयमधून प्रोजेक्टरच्या चिमुकल्या स्पीकरला जातो, म्हणून तो वेगळ्या वायरने मिक्सरला काढा. नोटिफिकेशन बंद, स्लीप बंद, चार्जर लावलेला.

तारीख. एप्रिल-मे सोडा. पावणेसातपर्यंत उजेड असतो, सभागृहाच्या झरोक्यांतून तो पडद्यावर येतो, आणि चार मोठे कूलर सुरू असले की हळू आवाजातली मुलाखत त्यांच्या घरघरीत बुडते. कूलर बंद केले तर वीस मिनिटांत प्रेक्षक बाहेर. डिसेंबरात अधिवेशन: सगळा बंदोबस्त तिकडे, शहरभर मोर्चे, आणि ‘आत्ता नको, अधिवेशन होऊ द्या’ हे प्रत्येक साहेबाचं तयार उत्तर. दसऱ्याच्या आगेमागे दीक्षाभूमीवर लाखो लोक आणि रेशीमबागेत संघाचा उत्सव, तेव्हाही कुणाला तुमच्याकडे बघायला वेळ नसतो. जानेवारीचा दुसरा पंधरवडा ते फेब्रुवारी, संध्याकाळी साडेसहा, हे उत्तम.

हॉल शंभर-दीडशे खुर्च्यांचाच घ्या. देशपांडे सभागृह किंवा सुरेश भट सभागृह यांत एवढी माणसं हरवतात, शिवाय सरकारी किंवा पालिकेच्या हॉलवर दबाव आणायला एकच फोन पुरतो. पावतीवर ‘सांस्कृतिक कार्यक्रम’ लिहू देऊ नका. ‘माहितीपट आणि चर्चा, निमंत्रितांसाठी’ असं स्पष्ट लिहून घ्या. नाहीतर ऐनवेळी ‘तुम्ही आम्हाला फिल्म आहे असं सांगितलंच नव्हतं’ हे कारण आयतं मिळतं. काही मॅनेजर रंगभूमी प्रयोग परिनिरीक्षण मंडळाचा कागद मागतात. तो नाटकाचा असतो, फिल्मशी त्याचा संबंध नाही. शांतपणे समजावून सांगा. दुसरी जागा गुपचूप ठरवून ठेवा, सीताबर्डीपासून रिक्षाने दहा मिनिटांवर, आणि प्रोजेक्टर स्वतःचा न्या. ‘साहेब, वरून फोन आला, तुमचं आता जमत नाही’ हे ऐकल्यावर हुज्जत घालण्यात गेलेला अर्धा तास म्हणजेच गमावलेला शो.

पोलीस ठाण्यात चार दिवस आधी पत्र द्या, पण ते परवानगी मागणारं नको, माहिती देणारं हवं: तारीख, वेळ, निमंत्रितांची संख्या, प्रवेश विनामूल्य. पोच घ्या. नोटीस आली तर कलम वाचा. १ जुलै २०२४ पासून फौजदारी प्रक्रिया संहितेतल्या जुन्या १४९ च्या जागी नागरिक सुरक्षा संहितेचं १६८ आहे. ती तंबी असते, मनाई नव्हे. मनाई करणारं ते १६३, म्हणजे जुनं १४४. तोंडी ‘नका करू’ म्हणाले तर लेखी मागा, आवाज न चढवता. वकील सर्वोच्च न्यायालयाचा १९८९ चा रंगराजन निकाल पुढे करतील: हिंसेची धमकी आहे म्हणून अभिव्यक्ती दाबता येत नाही. निकाल भक्कम आहे, पण ती फिल्म प्रमाणपत्र मिळालेली होती. तुमच्याकडे ते नसेल तर ही ढाल अर्धीच आहे हे वकिलालाही आठवण करून द्या.

चर्चेला माइक स्वयंसेवकाच्या हातात राहू द्या, प्रश्नकर्त्याच्या हाती देऊ नका. विरोध करायला आलेल्याला पहिल्या तिघांत बोलू द्या, दोन मिनिटं पुरी. शेवटपर्यंत ताटकळत ठेवला तर तो दाराशी जाऊन बोलतो. तुमचा एक कॅमेरा मागच्या भिंतीपाशी, पूर्ण सभागृह टिपणारा, सुरुवातीपासून चालू असावा. उद्या व्हॉट्सॲपवर चाळीस सेकंदांचा तुकडा फिरला तर त्याच्या मागचं-पुढचं त्यात असेल. आणि निघताना, हॉलच्या कॉम्प्युटरवरून फिल्म लावली असेल तर डेस्कटॉपवरची कॉपी काढा, रिसायकल बिन रिकामा करा, आणि ऑपरेटरने ‘बॅकअप म्हणून’ दुसऱ्या ड्राइव्हवर टाकली आहे का तेही विचारून घ्या. बहुतेक वेळा टाकलेली असते.