एक रन

एप्रिल उजाडला की डोंबिवलीहून नणंदेचा फोन येतो. आधी आंब्यांची चौकशी होते, मग हळूच, "वहिनी, यंदा आयपीएलमध्ये कोणाकडून?" ऑफिसात हाच प्रश्न जरा उघडावाघडा होऊन येतो: "मॅडम, तुमची ती रायझिंग पुणे सुपरजायंट टीम बंद पडून इतकी वर्षं झाली, अजून काय धरून बसलाय?" आजवर हसून वेळ मारून नेली. यंदा तुम्हीही विचारलंत, म्हणून एकदाच काय ते सांगते.

ती टीम खरी पुण्याची नव्हतीच, हे तुमचं म्हणणं मला मान्य आहे. मालक कोलकात्याचे, 2017 ला कॅप्टन ऑस्ट्रेलियाचा, सगळ्यात महाग गडी साडेचौदा कोटींचा इंग्रज. चेन्नई आणि राजस्थानवर दोन वर्षांची बंदी आली म्हणून ती जागा भरायला आलेली टीम, मुदत दोनच वर्षांची. ही मुदत पहिल्या दिवसापासून पेपरात छापून येत होती आणि मला वाचता येतं. त्यातून 2016 मध्ये दुष्काळ पडला, कोर्टाच्या आदेशाने मॅचेस महाराष्ट्राबाहेर गेल्या आणि आमची टीम 'घरच्या' मॅच विशाखापट्टणमला खेळली. त्याआधी 2011 ते 2013 पुण्याची पहिली टीम, पुणे वॉरियर्स, होऊन गेली होती. ख्रिस गेलने 175 ठोकले ते आमच्यावरच, आणि मी ते टीव्ही बंद न करता बघितले. म्हणजे ठेच एकदा लागलेली होती. भाड्याच्या घराला हौसेने रंग काढू नये, एवढं कळत होतं.

तरी काढला. जांभळी जर्सी घेतली, मुलाला एक, मला एक. नवऱ्याने घेतली नाही. तो जन्माने डोंबिवलीकर, चिंचवडला वीस वर्षं राहूनही मनाने वानखेडेवर.

आणि 2017 तसं वर्षच होतं हो. दहा लाखांत घेतलेला राहुल त्रिपाठी, आपल्या महाराष्ट्राच्या रणजी टीममधला, कोलकात्याच्या ईडनवर जाऊन 52 बॉलमध्ये 93 काढून आला. महाराष्ट्रदिनी गहुंज्याच्या स्टेडियमवर त्या साडेचौदा कोटींच्या स्टोक्सने शतक मारलं तेव्हा मी स्टँडमध्ये होते. परत येताना देहूरोडला ट्रॅफिकमध्ये अडकलो होतो आणि लोक गाड्यांच्या खिडकीतून अनोळखी माणसांना टाळ्या देत होते. पुण्यात! जिथे शेजारी लिफ्टमध्ये नमस्कार करताना विचार करतो.

मग 21 मे. रविवार, हैदराबादला फायनल, समोर मुंबई. त्या मोसमात त्यांना आम्ही तीनदा हरवलं होतं. ते 79 वर 7 आऊट झाले तेव्हा नवऱ्याने मुकाट्याने आमरसाची वाटी पुन्हा भरून घेतली. शेवटी 129 केले त्यांनी. 130 म्हणजे काय, चालत जाऊन काढायचे.

आमच्याकडे मॅचला जागा ठरलेल्या असतात. मुलगा खाली सतरंजीवर, मी मोड्यावर, सासूबाई दाराजवळच्या वेताच्या खुर्चीत. त्यांना क्रिकेटचं फार नाही, पण मी बघते म्हणून बसतात. वय तेव्हा 74, गुडघ्याचं ऑपरेशन झालेलं, मधुमेह.

शेवटच्या ओव्हरला 11 हवे होते. ओव्हर सुरू व्हायच्या आत त्या खुर्चीचे हात धरून उठायला लागल्या. "मी जरा जाऊन येते गं."

"आई, नाही. एकच ओव्हर आहे."

बसल्या. पहिल्याच बॉलला मनोज तिवारीने चौकार मारला. मी त्यांच्याकडे असं बघितलं, जणू त्यांच्या बसण्यानेच तो गेला. पाच बॉलमध्ये सात. पुढच्या बॉलला तिवारी कॅच आऊट. त्याच्या पुढच्या बॉलला कॅप्टन स्मिथ, सेट झालेला, 51 वर, तोही कॅच. त्या पुन्हा चुळबुळल्या. या वेळी मी बोललेसुद्धा नाही, नुसता हात आडवा धरला, ट्रॅफिक पोलीस धरतो तसा. नजर टीव्हीवरून काढली नाही. एक बाय. मग दोन रन. शेवटच्या बॉलला चार हव्या होत्या. आमच्या डॅन ख्रिश्चनने लेगला मारला, फील्डरच्या हातून निसटला, दोन धावले, तिसरी निघाली तर बरोबरी आणि सुपर ओव्हर. आणि रनआऊट. 128. एक रन.

घरात कोणी काही बोलेना. मुंबईवाला नवरासुद्धा गप्प, एवढी माणुसकी त्याने दाखवली. मग दाराजवळून बारीक आवाज आला: "आता जाऊ का?"

लोकांना मी त्या रात्रीचं रडणं सांगते. हा भाग सांगत नाही. एका म्हाताऱ्या बाईला मी ओव्हरभर जागेवर डांबून ठेवलं आणि ती डांबून राहिली, कारण सुनेचा जीव टांगणीला लागलेला तिला दिसत होता. तुम्ही म्हणाल, एवढ्यावरून तरी सोडायचं. मी स्वतःलाही तेच म्हटलं. ती 2016 ची जर्सी विकत घेणारी बाई समोर आली तर मी तिला चांगली खडसावेन. पण तीही गप्प बसणारी नाही. म्हणेल, देहूरोडची ती रात्र परत देतेस का?

आता रडण्याचं. मी स्वयंपाकघरात पातेलं घासत रडत होते, मुलगा मागून आला. तेरा वर्षांचा. म्हणाला, "आई, जाऊ दे, पुढच्या वर्षी..." आणि थांबला. त्याच्या लक्षात आलं होतं.

तुम्हाला जे कळत नाही ते एवढंच आहे. हरण्याचं काही नाही हो. हरणारे पुष्कळ आहेत. बेंगळुरूवाले तीन फायनल हरले, लोकांची थट्टा सोसली, पण दर वर्षी 'या वर्षी कप आपलाच' म्हणत राहिले आणि 2025 ला खरंच घेऊन गेले. त्या रात्री मी त्यांच्यासाठी टाळ्या वाजवल्या आणि त्यांचा हेवाही केला. अठरा वर्षं म्हणायला त्यांच्याकडे पुढचं वर्ष होतं.

कोणी सुचवतं, रणजीत महाराष्ट्राला पाठिंबा द्या. देते की. आपण रणजी जिंकलो ते 1939-40 आणि 1940-41 ला, देवधर कॅप्टन असताना. तेव्हा सासूबाईंचासुद्धा जन्म झालेला नव्हता.

2018 ला कावेरीच्या पाण्यावरच्या आंदोलनामुळे चेन्नईच्या मॅचेस गहुंज्याला आल्या. तिकडून खास रेल्वे करून लोक आले होते. मुलाने हट्ट केला म्हणून गेले. तीच खुर्च्यांची रांग, सगळीकडे चेन्नईचं पिवळं. चेन्नईच्या वॉटसनने शतक मारलं, मुलगा नाचला. त्याने दहा मिनिटांत टीम बदलली होती, मला राग आला आणि रागाचं कारण सांगता येईना.

तर नणंदेला उत्तर: कोणाकडूनच नाही. मॅच मात्र बघते. सासूबाईंनी ऐंशी ओलांडलीय, अजून माझ्याबरोबर बसतात. शेवटची ओव्हर आली की खुर्चीचे हात धरून माझ्याकडे बघतात. "उठू ना?"

मी "उठा की, आई" म्हणते. आधी एकदा स्ट्राइकवर कोण आहे ते बघते.