डावा हात : पेटीकडून पियानोकडे, सातव्या महिन्याची नोंद

पेटी वाजवणाऱ्याच्या डाव्या हाताला सुरांची ओळख नसते. पंचवीस वर्षे माझ्या डाव्या हाताने केवळ भाता सांभाळला. सूर, हरकती, मुरक्या हे सारे उजव्या हाताचे काम होते. पियानोसमोर बसल्यावर पहिल्याच दिवशी लक्षात आले की इथे गाणे उजव्या हातात असले, तरी ऐकणाऱ्याच्या मनात जे हलते ते बहुतेक वेळा डावा हात हलवतो. त्यामुळे गेल्या सात महिन्यांची माझी प्रगती ही खरे तर एका हाताचीच प्रगती आहे.

मागच्या नोंदीत जॉन लेनन यांच्या १९७१ सालच्या ‘इमॅजिन’विषयी लिहिले होते. ते आता न अडखळता वाजते. सी आणि एफ या दोन कॉर्डमधली (कॉर्ड म्हणजे एकाच वेळी वाजणारे काही सूर) ये-जा आणि ओळीच्या शेवटी शुद्ध धैवत, कोमल निषाद, शुद्ध निषाद अशी पांढरी एकच्या, म्हणजे ‘सी’च्या, षड्जाकडे परत नेणारी तीन पावले, एवढ्या साध्या साहित्यावर त्याची सुरुवात उभी आहे. नव्याने शिकणाऱ्यांनी याच गाण्यापासून आरंभ करावा असे मी मनापासून सुचवतो, कारण त्यात बोटांना घाई नाही आणि कानाला मात्र पुष्कळ काम आहे.

या महिन्याचा बहुतेक वेळ पोलिश संगीतकार शोपँच्या ई मायनर या पट्टीतल्या प्रेल्यूडने, म्हणजे पियानोसाठीच्या एका छोट्या रचनेने, घेतला. २४ प्रेल्यूड्सच्या संचातले हे चौथे. १८३८-३९च्या हिवाळ्यात मायोर्का बेटावरच्या वाल्देमोसा येथील मठात राहत असताना शोपँने हा संच पूर्ण केला. पॅरिसहून मागवलेला त्याचा प्लेयेल कंपनीचा पियानो जकातीत अडकून पडला होता आणि तो हाती येईपर्यंत त्याला तिथल्याच एका सुमार पियानोवर भागवावे लागले. १८३९ मध्ये संच प्रसिद्ध झाला. दहा वर्षांनी, ३० ऑक्टोबर १८४९ रोजी, पॅरिसच्या मादलेन चर्चमध्ये त्याच्या अंत्यविधीच्या वेळी हेच प्रेल्यूड ऑर्गनवर वाजवले गेले.

सगळी रचना अवघ्या २५ बारची, म्हणजे तालाच्या २५ सारख्या मापांची, आहे. पांढरी तीनला, म्हणजे ‘ई’ला, षड्ज मानले, तर पहिल्या तीन बारमध्ये उजवा हात पंचम आणि कोमल धैवत एवढेच म्हणतो. चौथ्या बारच्या शेवटी तो तीव्र मध्यमाला स्पर्श करून शुद्ध मध्यमावर उतरतो आणि तिथेही पुन्हा तसाच घुटमळतो. गायकाने एवढेच गायले तर श्रोता वाट पाहत राहील. पण खाली डावा हात प्रत्येक बारमध्ये आठ वेळा तीन सुरांचा कॉर्ड वाजवत असतो, आणि त्या तिघांपैकी कधी एक, कधी दुसरा सूर अर्ध्या स्वराने खाली सरकतो. वरचा पंचम जागचा हललेला नसतो. तरीही पायाखालची जमीन सरकल्यामुळे तोच पंचम पुढच्या क्षणी वेगळा ऐकू येतो. आपल्याकडे तानपुरा स्थिर असतो आणि गाणारा फिरतो. इथे गाणारा जवळजवळ स्थिर आहे आणि तानपुराच खाली उतरत चालला आहे. हे ज्या दिवशी कानाला कळले, त्या दिवशी मी पुढे न वाजवता तेवढेच चार बार तासभर ऐकत बसलो.

सरावाची पद्धत सविस्तर सांगतो, कारण पेटीवरून आलेल्या इतरांना ती उपयोगी पडेल. पहिले तीन आठवडे मी उजवा हात पियानोवर ठेवलाच नाही. मेट्रोनोम (ठरावीक लयीत टकटक करणारे यंत्र) मिनिटाला ६० ठोक्यांवर ठेवून डाव्या हाताने कॉर्ड वाजवायचे आणि उजव्या हाताचे सूर सरगमात तोंडाने गायचे, एवढेच केले. सर्वांत अवघड गेले ते कॉर्डचे वजन. पेटीवर पट्टी हलकी दाबली काय किंवा जोरात दाबली काय, सूर तोच. आवाज ठरवतो तो भाता. पियानोवर बोट पट्टीवर ज्या वेगाने उतरते, त्यावर आवाज ठरतो. त्यामुळे माझी करंगळी प्रत्येक कॉर्डमध्ये मागे पडत होती आणि अंगठा अकारण ठणकावून बोलत होता. बोटे पट्टीवरून पूर्ण न उचलता, पट्टी अर्धी वर येताच पुन्हा दाबायची, ही युक्ती माझ्या शिक्षिकांनी दाखवली आणि आठवड्याभरात तिन्ही सूर एका आवाजात बोलू लागले.

त्याच सुमारास शोपँने हे कॉर्ड पुन्हा पुन्हा का वाजवायला लावले आहेत, याचाही उलगडा झाला. पेटीचा सूर हवा असेपर्यंत जगतो. पियानोचा सूर वाजल्या क्षणापासून विझू लागतो. उजव्या हाताचा लांब पंचम विरत असताना त्याच्या खालची ऊब टिकवायची, तर डाव्या हाताला सतत फुंकर घालत राहावे लागते. एका अर्थी माझ्या डाव्या हाताला त्याचे भात्याचे काम परत मिळाले आहे.

हीच दृष्टी घेऊन मी ‘गुमराह’मधले ‘चलो इक बार फिर से’ बसवायला घेतले आहे. १९६३च्या या चित्रपटात सुनील दत्त भरल्या बैठकीत पियानोशी बसून गातो आणि जिच्यासाठी ते शब्द आहेत ती समोर पतीसह असते. साहिरचे शब्द, रवी यांचे संगीत आणि महेंद्र कपूर यांचा आवाज. हिंदी चित्रपटांतला पियानो मला नेहमी याच कारणाने जवळचा वाटला आहे: एका व्यक्तीला सांगायचे ते सगळ्यांसमोर सांगता यावे, म्हणून गाणाऱ्याला तिथे बसवलेले असते. वाजवताना अडचण मिंडेची येते. महेंद्र कपूर यांचा आवाज एका सुरावरून दुसऱ्यावर घसरत जातो आणि पियानोच्या दोन पट्ट्यांमध्ये घसरायला जागाच नसते. कणस्वर, म्हणजे मुख्य सुराआधीचे ओझरते सूर, लावून पाहिले, ते उपरे वाटले. शेवटी सूर सरळ ठेवले आणि त्यांच्या खालचा कॉर्ड किंचित उशिरा बदलला. नवा कॉर्ड वाजल्यावरच सूर लांबवणारे पायाखालचे पेडल उचलून पुन्हा दाबले, म्हणजे मध्ये पोकळी राहत नाही. मिंड आली नाही, पण ओळीतली ओढ आली.

प्रेल्यूडचे बार १६ ते १८ अजून हाती आलेले नाहीत. तिथे लय पुढे धावते, आवाज चढतो आणि माझा डावा हात मनगटातून आखडतो. बार २३ मधला थांबाही मला दर वेळी अपुरा वाटतो: एक अधांतरी कॉर्ड, मग पूर्ण शांतता, मग अगदी हळू तीन कॉर्ड. परवा त्या शांततेत खोलीतला पंखा ऐकू आला आणि मी हात उचलून तसाच बसून राहिलो. शेवटचे तीन कॉर्ड त्या दिवशी प्रथमच घाई न होता वाजले. पुढच्या महिन्यात मनगट सैल ठेवण्यासाठी हे तीन बार निम्म्या लयीत, रोज वीस मिनिटे करणार आहे.