एच३ ची गाठ सुटली, आणि बेत बदलला

मंडळी, बुद्धिबळातली एच३ ची गाठ एकदाची सुटली! म्हणजे पांढऱ्याने राजाच्या बाजूचं कडेचं प्यादं एक घर पुढे, एच३ वर, ढकलावं की नाही हा प्रश्न. (पटाचे उभे स्तंभ ए ते एच, आडव्या ओळी १ ते ८, त्यावरून घराचं नाव.) मागच्या नोंदीत मी आयर्विंग चर्नेव्हच्या 'लॉजिकल चेस' या पुस्तकापाशी अडकलो होतो, ते तुमच्या लक्षात असेल. त्यातले ३३ डाव एकेक करून रविवारी बुद्धिबळाला जमणाऱ्या आमच्या मंडळींना मराठीत समजावायचे, असा तेव्हाचा बेत होता. तो आता तसा राहिलेला नाही. का, ते सांगतो.

पुस्तकाबद्दल माझं मत तेच आहे. १९५७ सालचं आहे, पण प्रत्येक खेळीला कारण देण्याचा त्याचा वसा अजून कुणी इतक्या निष्ठेने पाळलेला मला दिसला नाही. पहिलं प्यादं दोन घरं का पुढे गेलं, हेसुद्धा तो डावागणिक नव्याने सांगतो. अनुभवी खेळाडूंना त्याचा कंटाळा येतो. शिकणाऱ्याला मात्र तीच पुनरावृत्ती हवी असते.

अडचण पहिल्याच डावात आली. फॉन शेव्ह विरुद्ध टाइखमान, बर्लिन १९०७. इटालियन पद्धतीची सुरुवात, पांढऱ्याने नवव्या खेळीला एच३ केलं, काळ्याने बाराव्या खेळीला त्याच प्याद्यावर उंट दिला आणि सतराव्या खेळीला पांढऱ्याने डाव सोडला. राजापुढची प्यादी उगाच हलवू नका, हा धडा. पोरांनी तो पाठच केला. पुढच्या रविवारी नववीतला आमचा सगळ्यात चौकस पोरगा मोबाइल घेऊनच आला. "काका, पुस्तक म्हणतंय एच३ नको. आणि व्हिडिओत तर सगळेच एच३ खेळायलेत की ओ!"

त्याचं म्हणणं खरं होतं. आजच्या संथ इटालियनमध्ये, म्हणजे सी३ आणि डी३ करून खेळतात त्यात, एच३ ही रोजची खेळी आहे. मग ती तिथे चालते आणि १९०७ मध्ये का नाही चालली? व्हिडिओ धुंडाळले. बहुतेकांत एकच वाक्य, 'जी४ वर येणारी पिन टाळण्यासाठी'. (पिन म्हणजे मागे राजा किंवा वजीर असल्याने पुढची सोंगटी जागेवर अडकणं.) बरोबरच आहे, पण फॉन शेव्हनेही त्याच भीतीने केलं असणार ना! खेळी का केली एवढं सगळे सांगतात. तीच खेळी दुसऱ्या पटावर का करू नये, हे सांगणारा विरळा. इंजिनला, म्हणजे बुद्धिबळ खेळणाऱ्या संगणकाला, विचारावं तर ते आकडा देतं, आणि आकड्यावरून पोराला काय शिकवायचं?

गाठ सोडवली ती सोलापूरच्या पूर्व भागातून येणाऱ्या आमच्या अण्णांनी. आयुष्य यंत्रमागावर गेलं, बुद्धिबळ देशी पद्धतीने शिकले, आणि घरं मोजताना आजही तोंडात तेलुगू आकडेच येतात. हल्ली उन्हामुळे आम्ही सकाळी लवकर बसतो. पटावर तेराव्या खेळीची स्थिती मांडली होती: पांढऱ्याने एच३ वरचा उंट जी प्याद्याने मारलाय आणि काळा वजीर जी३ वर शह देतोय. एफ प्याद्याने वजीर मारता येत नाही, कारण ए७ वरचा उंट कर्णावरून थेट राजाकडे बघतोय आणि एफ२ चं प्यादं पिनमध्ये आहे. अण्णांनी मारलेल्या सोंगट्यांतून एक पांढरं प्यादं उचललं आणि गुपचूप डी४ वर ठेवलं. म्हणाले, "आता मार बघू वजीर."

मारता आला! डी४ वर प्यादं असेल तर उंटाचा कर्ण बंद, एफ२ मोकळं, आणि वजीर फुकट. तेवढ्यात तो पोरगाच ओरडला, "पण अण्णा, ते प्यादं तिथं असतं तर वजीर ई५ वर आलाच नसता. मारलं असतं की त्यानंच!" एका प्याद्याची दोन कामं, आणि पोरांना ती दोन्ही स्वतःच्या डोळ्यांनी दिसली. म्हणजे एच३ ने दार किलकिलं केलं हे खरं, पण ते सताड उघडलं दहाव्या खेळीने. पांढऱ्याने डी४ वरच्या प्याद्याने ई५ चं प्यादं मारून टाकलं, पाठोपाठ एफ३ चा घोडाही ई५ वर बदलून घेतला आणि काळ्या वजिराला पटाच्या मध्यावर आणून बसवलं. एच२ चं घर राखणारा घोडा गेला, म्हणून पुढे काळा घोडा जी४ वर येताच एच२ वर मात दिसू लागली.

मी खुशीत होतो, पण तेवढ्यावर भागलं नाही. पोराचा पुढचा प्रश्न: "आजच्या डावात प्यादं डी३ वर असतंय. मग उंटाचा कर्ण उघडाच की!" बराच वेळ दोन्ही स्थिती शेजारी शेजारी मांडून बसलो, तेव्हा उत्तर मिळालं. कर्ण उघडा आहे, पण काळ्याचं स्वतःचं ई५ चं प्यादं जागेवर असल्याने वजिराला त्या वाटेने जी३ कडे जाता येत नाही. एफ३ चा घोडा एच२ राखून आहे. आणि पांढऱ्याला वाटलं तर तो उंट ई३ वर आणून त्या कर्णावरच अदलाबदल मागू शकतो. धोका संपला असं मात्र नाही. एफ६ चा घोडा हलला आणि वजीर जी६ वर आला की जी२ चं प्यादं पिनमध्ये येतं आणि एच३ पुन्हा उघडं पडतं. शिवाय काळ्याने अजून किल्लेकोट (राजा आणि हत्तीची जोडखेळी) केला नसेल तर तो जी५, जी४ करत त्याच एच३ ला आदळू शकतो. म्हणून आता आमची पोरं एच३ ला हात लावण्याआधी विचारतात: समोरच्याने किल्लेकोट केलाय का? माझा एफ३ चा घोडा टिकणार आहे का? वजिराला वाट आहे का?

यातून पुस्तकं आणि व्हिडिओ पारखायची माझी कसोटीच बदलली. 'ही का' एवढंच नको, 'ती का नाही' हवं. या कसोटीवर मॅक्स युवे आणि वॉल्टर मेडन यांचं 'चेस मास्टर व्हर्सेस चेस ॲमेच्युअर' एकदम वर गेलं. १९६३ चं पुस्तक, २५ डाव. समोरचा हौशी खेळाडू आपल्याला सुचतील अशाच खेळ्या करतो आणि मास्टर त्या का चुकल्या ते दाखवतो. जॉन नन यांचं २००१ चं 'अंडरस्टँडिंग चेस मूव्ह बाय मूव्ह' उत्तम आहे, पण त्यातली विश्लेषणं लांब पल्ल्याची. पोरांना अजून दोन वर्षं तरी नको.

व्हिडिओत मला ग्रँडमास्टर डॅनियल नारोडित्स्की यांचे स्पीडरन (कमी रेटिंगपासून वर चढत जाणाऱ्या डावांची मालिका) सगळ्यात जवळचे. स्वतःची खेळी करण्याआधी दुसरे पर्याय मोठ्याने बोलून बाद करायचे ही त्यांची सवय. ऑक्टोबर २०२५ मध्ये वयाच्या अवघ्या २९ व्या वर्षी ते गेले, पण शिकणाऱ्यांसाठी केवढं मागे ठेवून गेलेत! अगदी नवख्यांना जॉन बार्थोलोम्यू यांची 'चेस फंडामेंटल्स' मालिका दाखवा. पहिला विषय बिनराखणीच्या सोंगट्या. वेग पाऊणपट ठेवला की इंग्रजी कानाला झेपतं. आणि व्हिडिओत कडेला कोण वरचढ ते दाखवणारा इंजिनचा पट्टा असेल तर तो झाका. मी लग्नपत्रिकेची उभी पट्टी कापून टॅबच्या काचेवर चिकटवली आहे. पट्टा दिसला की पोरं पटाकडे बघतच नाहीत.

छापील प्रतींबद्दल एक सांगतो. ऑनलाइन मागवलेल्या एका स्वस्त प्रतीत आकृत्या इतक्या पुसट आहेत की उंट कुठला आणि प्यादं कुठलं, ते भिंग लावून बघावं लागतं. त्यापेक्षा हुतात्मा एक्स्प्रेसने पुण्याला जा, अप्पा बळवंत चौकातल्या पुस्तकांच्या दुकानांत पानं उघडून आकृत्या बघा आणि संध्याकाळच्या गाडीने परत या. जुन्या आवृत्त्यांत घरं मोजायची जुनी इंग्रजी पद्धत असते, तीही तिथेच तपासा. चर्नेव्ह अल्जेब्राइक नोटेशनमध्येही (एच३, डी४ अशी घरांची नावं) मिळतो, तोच घ्या.

आता पुढचं. ३३ डाव ओळीने घ्यायचे नाहीत. जोड्या लावायच्या: एक जुना डाव, आणि तीच खेळी जिथे चालते असा एक आजचा. हे लिहितानाच आणखी एक सुचलं. मी बोलून रेकॉर्ड करणार होतो, पण लिचेस या बुद्धिबळाच्या संकेतस्थळावरच्या 'स्टडी'त 'इंटरॅक्टिव्ह लेसन' नावाचा प्रकार आहे. त्यात शिकणारा स्वतः खेळी करतो आणि चुकीच्या खेळीलाही आपण टीप लिहू शकतो. म्हणजे 'ती का नाही' लिहायला जागा आयतीच! एका स्टडीत ६४ प्रकरणं बसतात, सगळं फुकट. डावाच्या खेळ्या कुणाच्या मालकीच्या नसतात, टीपा मात्र असतात. म्हणून टीपा आपल्या शब्दांत, मराठीतच लिहायच्या. तर रेकॉर्डिंग रद्द.

पहिलं प्रकरण अर्थात डी४ वरच्या प्याद्याचं. मांडून झालंय, पोराने एकदा सोडवून दोन टीपा बदलायला लावल्या. दुसऱ्या जोडीसाठी काळ्याच्या एच६ वरचे डाव शोधतोय, शक्यतो वीस-पंचवीस खेळ्यांत संपणारे. तुमच्याकडे असतील तर खेळ्या पाठवा, टीपा नसल्या तरी चालेल.