तुम्ही विचारलंत म्हणून : जखमी जनावर जगणार नाही, हे कुणी ठरवायचं?

"डॉक्टर, तुमचं काम जीव वाचवायचं. रानातल्या जनावराला इंजेक्शन देऊन मारायचा अधिकार तुम्हाला कुणी दिला?"

कराडच्या दवाखान्यात, लग्नाच्या मांडवात, एसटीत शेजारी बसलेल्या पाहुण्याकडून, हा प्रश्न मला सारखा येतो. काहींच्या आवाजात राग असतो. काहींनी रस्त्याकडेला तडफडणारं जनावर स्वतः पाहिलेलं असतं आणि त्यांना खरं तर उलटं विचारायचं असतं, की एवढा वेळ का लावलात? दोघांचंही मनापासून असतं, म्हणून नीट उत्तर देतो.

अधिकाराचं आधी सांगून टाकतो. तो माझा नाहीच. १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याचं कलम ११ बघा. पहिल्या अनुसूचीतलं, म्हणजे सगळ्यात जास्त संरक्षण असलेल्या प्राण्यांच्या यादीतलं जनावर इतकं अपंग किंवा आजारी झालं असेल की ते बरं होण्यापलीकडे गेलंय, तर त्याला मारायची परवानगी राज्याच्या मुख्य वन्यजीव रक्षकांनी द्यायची, तीही लेखी आणि कारणं नोंदवून. ते बसतात नागपुरात. बिबट्या, गवा, मोर या अनुसूचीत येतात, आणि २०२२ च्या दुरुस्तीनंतर आपल्या उसातला साधा कोल्हासुद्धा. दुसऱ्या अनुसूचीतल्या प्राण्यांबाबत मुख्य वन्यजीव रक्षकांनी नेमून दिलेला अधिकारीही हा निर्णय घेऊ शकतो. मी तपासतो, मत लिहून देतो, आणि आदेश आला तर सुई माझ्या हातात असते.

बरं होण्यापलीकडे म्हणजे काय, हे मात्र कायदा सांगत नाही. ते जनावराच्या अंगावर हात ठेवून शोधावं लागतं.

आपल्याकडचे बिबटे उसात राहतात. माद्या तिथेच वितात. पुणे-बंगळूर महामार्ग आणि त्याला येऊन मिळणारे रस्ते याच उसाच्या फडांमधून जातात. रात्री एखादी गाडी धडकते आणि सकाळी फोन येतो : बिबट्या पडलाय, पुढच्या पायांवर अंग ओढत सरकतोय, मागचे हलत नाहीत. लोकांना वाटतं पाय मोडलेत. बहुतेक वेळा पाय धडधाकट असतात, मोडलेला असतो तो मणका. जनावर बेशुद्ध करायच्या आधी, पिंजऱ्याबाहेरून चिमट्यानं मागच्या पंजाचं बोट जोरात दाबायचं. पाय आपोआप आखडतो, त्यावरून काही ठरत नाही. बघायचं असतं तोंडाकडे. डोकं वळतंय का, गुरगुरतोय का, म्हणजे कळ मेंदूपर्यंत पोचतेय का? मग एक्स-रे. मज्जारज्जू पूर्ण तुटला असेल आणि खोलवरची वेदनाही पोचत नसेल, तर ते मागचं अंग परत येत नाही. लघवी आपण होऊन होत नाही, मूत्राशय तुंबतं, जंतुसंसर्ग मूत्रपिंडापर्यंत जातो. पडून पडून मांड्यांना जखमा होतात आणि त्यांत अळ्या पडतात.

"मग ठेवा की पिंजऱ्यात, घाला खायला." हे मला सगळ्यात जास्त ऐकावं लागतं. मणका गेलेला कुत्रा वर्षानुवर्षं जगवलेली घरं मी पाहिली आहेत. दिवसातून चार वेळा पोट दाबून लघवी काढतात, कूस बदलतात, चाकांच्या गाड्यावरून अंगणात फिरवतात. त्या कुत्र्याला माणसाचा हात हवा असतो. मोठ्या झालेल्या रानटी बिबट्याला माणूस जवळ येणं हीच दहशत. प्रत्येक ड्रेसिंगला डार्ट मारून बेशुद्ध करायचं, शुद्धीवर येताना त्यानं जाळीवर दात मोडून घ्यायचे, दोन दिवसांनी पुन्हा तेच. सोडता न येणाऱ्या बिबट्यांना जुन्नरजवळ माणिकडोहला आयुष्यभर सांभाळतात, आणि ज्याचं शरीर तेवढं सोसू शकतं त्याच्यासाठी ती सोय मला मोलाची वाटते. मागचं अंग मेलेल्या बिबट्यासाठी मात्र तेच आयुष्य म्हणजे न संपणारं मरण आहे, असं माझं स्पष्ट मत आहे.

डुकरासाठी शेतात ठेवलेला गावठी बॉम्ब कोल्ह्यानं चावला की खालचा जबडा उडतो. जीव जात नाही, जीभ लोंबत असते. पाण्यापाशी जातो, पिता येत नाही. तो आठवडाभर जगू शकतो, हे जास्त भयंकर. अशा कोल्ह्यापाशी उभ्या असलेल्या एका ऊसतोड करणाऱ्या बाईंनी मला म्हटलं होतं, "डाक्टर, सोडवा की ओ त्याला." शिक्षणाचा आणि या गोष्टीच्या समजेचा काही संबंध नसतो.

घारीचं वेगळं. नायलॉनच्या मांजानं पंख कापला, हाड बाहेर आलं, आणि कुणी तिला तीन-चार दिवस खोक्यात ठेवून मग आणलं, तर ते हाड वाळून मेलेलं असतं. पक्ष्यांची हाडं लवकर जुळतात, दोन-तीन आठवड्यांत, पण जिवंत असली तर. शिवाय पंखाचं वरचं हाड आतून पोकळ आणि हवेच्या पिशव्यांना जोडलेलं असतं. जखम धुवायला म्हणून ओतलेलं पाणी थेट श्वासाच्या वाटेत जातं. कृपा करून जखमी पक्ष्यावर पाणी ओतू नका, कुठल्याच जखमी प्राण्याच्या तोंडात पाणी घालू नका. अंधारं खोकं, शांतता, आणि १९२६ हा वनविभागाचा नंबर. एवढं लगेच झालं तर माझ्यासमोर मारायचा प्रश्न पुष्कळदा येणारच नाही.

शांततेवरून एक सांगायलाच हवं. पडलेलं हरण हलत नाही, ओरडत नाही, आणि भोवतीची माणसं समाधानानं म्हणतात, "बघा, किती शांत झालंय." ज्याला कुणीतरी खाणार आहे, ते जनावर दुखणं दाखवत नाही. आतून त्याचं काळीज फुटायच्या बेताला आलेलं असतं. अती धावपळ आणि भीतीनं अशा प्राण्यांचे स्नायू मरतात, त्यातून सुटलेलं द्रव्य मूत्रपिंडं निकामी करतं, अंगाचा ताप भलताच चढतो. पुण्यात कोथरूडला ९ डिसेंबर २०२० रोजी शिरलेला गवा आठवत असेल. तासन् तास गर्दी आणि पाठलाग, शेवटी पकडला आणि तो मेला.

आता आक्षेपाकडे. मिरजेचे एक निवृत्त गुरुजी आहेत, जैन घरातले, पाणी गाळून पिणारे, उन्हाळ्यात गच्चीवर पाखरांसाठी परळ ठेवणारे. त्यांचं म्हणणं मला कधीच हलकं वाटलं नाही. "डॉक्टर, त्याचा भोग त्याला भोगून संपवू द्या. तुम्ही मध्ये पडलात तर त्याचंही राहिलं आणि तुमच्याही माथी आलं. सेवा करा, जवळ बसा, पण प्राण घेऊ नका."

मी त्यांना साबरमतीच्या वासराची गोष्ट सांगितली. १९२८ साली आश्रमातलं एक वासरू असह्य यातनांत होतं. सगळे उपाय थकले होते. गांधींनी आश्रमातल्यांशी बोलून, डॉक्टरला बोलावून त्याला विषाचं इंजेक्शन देववलं आणि 'नवजीवन'मध्ये ते उघडपणे लिहिलं. गुजरातेत गदारोळ झाला, जैन वाचकांची संतापलेली पत्रं आली. गांधी मागे हटले नाहीत. पण त्यांनी अटी घातल्या : दुखणं असाध्य हवं, सगळ्यांनी आशा सोडलेली हवी, कसलीही सेवा पोचत नसावी, आणि त्या जिवाला स्वतःची इच्छा सांगता येत नसावी.

गुरुजी शांतपणे म्हणाले, "वासरू त्यांच्या घरचं होतं. बिबट्या तुमचा कोण लागतो?"

या प्रश्नानं मला फार दिवस सोडलं नाही, आणि माझं जे काही मत बनलं ते त्यातूनच. बिबट्या माझा कुणी लागत नाही, हे खरं. चांदोलीच्या जंगलात रानकुत्र्यांनी फाडलेला सांबर पडला असेल तर मी तिकडे सुई घेऊन जाणार नाही. ते मरण त्यांचं आहे, त्यावर कितीतरी पोटं अवलंबून आहेत, आणि मी गेलो तर ढवळाढवळच होईल. पण गाडीनं उडवलेल्या बिबट्याला आपण जाळं टाकून धरतो, पिंजऱ्यात घालतो, उजेडात ठेवतो. उसाच्या सरीत जाऊन एकटं मरायची त्याची वाटही आपण बंद करतो. त्या घडीपासून तो निसर्गाच्या हाती राहिलेला नसतो. पुढचा प्रत्येक तास आपण त्याला दिलेला असतो, यातनेसकट. "मी काहीच करत नाही, होईल ते होईल" असं म्हणायची सोय तिथे उरत नाही. गुरुजींना हे पटलेलं नाही. मला पटलंय.

मला भीती वाटते ती दुसऱ्याच गोष्टीची. उद्या दयेच्या नावाखाली सोयीनं मारणं सुरू होईल, याची. पिंजरा रिकामा नाही, निधी नाही, सांभाळायला माणूस नाही, मग "वाचणार नाही" असं लिहून मोकळं व्हायचं. एक डोळा गेलेलं गव्हाणी घुबड मुख्यतः कानानं शिकार करतं, त्याला परत सोडायचा विचार होऊ शकतो. फासकीत पंजाचं बोट गमावलेला बिबट्या पुढे नीट जगू शकतो. पाय काढलेलं कासव चालतं. अशा जिवाला मारायचं पत्र माझ्याकडून कुणी मागितलं तर मी देणार नाही. आणि जिथे द्यायचं, तिथे एका डॉक्टरच्या शब्दावर विसंबू नये. दुसऱ्यानं स्वतंत्रपणे तपासावं.

हात थरथरत नाही का, असंही विचारतात. थरथरू देत नाही. आधी भूल द्यायची, जनावर पुरतं गाढ झालं की मगच शिरेतून थायोपेंटोनची मोठी मात्रा. हृदय थांबल्याची खात्री होईपर्यंत तिथून उठायचं नाही. मग शवविच्छेदन, पंचनामा, आणि देह जाळायचाच. उघड्यावर टाकला तर त्यातलं औषध घारी-गिधाडांच्या पोटात जातं. गुरांना दिलेल्या डायक्लोफेनॅकनं गिधाडं कशी संपली, आणि २००६ मध्ये त्याच्यावर बंदी येईपर्यंत किती उशीर झाला होता, ते आपण पाहिलं आहे.

राहिला वेळेचा प्रश्न. मणका तुटलेला बिबट्या, माझं मत लिहून दिलेलं, आणि आदेश येण्याआधीच पिंजऱ्यात तडफडून गेलेला, हेही मी पाहिलं आहे. रात्रभर त्याच्यापाशी उभ्या राहिलेल्या वनरक्षकांचा यात काहीच दोष नव्हता. कलम ११ मध्येच एक अट आहे : जनावर पकडता, बेशुद्ध करता किंवा दुसरीकडे हलवता येत असेल, तर मारायचा आदेश देता येत नाही. माणसावर हल्ला करणाऱ्या धडधाकट बिबट्यासाठी ती अट रास्तच आहे, ती असायलाच हवी. पण तीच अट मणका मोडलेल्या बिबट्यालाही लागते, आणि तो तर आधीच पकडलेला असतो. सही करणारा अधिकारी अडखळला तर त्याचं काय चुकलं? माझं म्हणणं एवढंच आहे, की ही अट असाध्य जखमी जनावरांपुरती वेगळी लिहावी. दोन पशुवैद्यांनी वेगवेगळी तपासणी करावी, एक्स-रे आणि चित्रफीत त्याच रात्री नागपूरला जावी, आणि हो किंवा नाही, जे असेल ते उत्तर सकाळच्या आत यावं.